शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी काय बघावं

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या आईबापांना कायद्याने एक मोठा अधिकार दिलेला आहे आणि बहुतेक गावांत तो पाच मिनिटांत वाटून टाकला जातो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 21 वं कलम सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांचे पालकही त्यांच्या प्रमाणात हवेत. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा बायका. अध्यक्ष पालकांमधला, सदस्य सचिव मुख्याध्यापक. विधानसभेला कोणाला मत द्यायचं यावर घरात रात्र रात्र वाद होतात, पण ही समिती कोणाची झाली हे त्याच घराला माहीत नसतं. मला हे फार खटकतं, कारण आपल्या मुलाच्या ताटापर्यंत आणि फळ्यापर्यंत सगळ्यात लवकर पोचणारं राजकारण हेच आहे.

बिघाड निवडीपासून सुरू होतो. पालक सभा ऐन खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवर जाणारे पालक येऊच शकत नाहीत. गावातल्या दोन गटांची माणसं तेवढी येतात, नावं ठरवतात, आणि महिला सदस्यांच्या जागी पुढे त्यांचे नवरे येऊन बसतात. यावर उपाय साधा आहे: सभा संध्याकाळी, शेतावरून माणसं परतल्यावर ठेवायची. सूचना आठवडाभर आधी प्रत्येक मुलाच्या वहीत लिहून पाठवायची आणि पालकांनी ती सही करून परत द्यायची. सभेत पालकांना इयत्तावार बसवून प्रत्येक इयत्तेने आपलं नाव सुचवायचं. वस्तीवरच्या, पारधी किंवा धनगर कुटुंबातल्या आईचं नाव तिथे पुढे येतं. चावडीवर ठरलं तर येत नाही.

समितीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. विषयपत्रिका आधी मागा. इतिवृत्त बैठकीतच लिहून, मोठ्याने वाचून मग सही करा. कोऱ्या पानावर किंवा घरी आणून दिलेल्या नोंदवहीवर सही करू नका, कारण नंतर त्याच पानावर खर्चाला मंजुरी लिहिली जाते आणि जबाबदारी सही करणाऱ्या आईवर येते. ठराव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला की पोच घ्या, आवक क्रमांकासकट. तोंडी सांगितलेल्या मागणीचा पाठपुरावा करता येत नाही.

आता पैसे. केंद्राच्या समग्र शिक्षा या योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत मुलं असतील तर 10 हजार रुपये, 31 ते 100 असतील तर 25 हजार, 101 ते 250 असतील तर 50 हजार. यातला किमान 10 टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. रक्कम मोठी नाही, म्हणूनच ती कशावर जाते हे बघायला हवं. पैसे वर्षाच्या शेवटी आले की मार्चमध्ये घाईने रंगरंगोटी होते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तशीच तुटलेली राहते. शाळा विकास आराखडा करणं हे 22 व्या कलमाने समितीचंच काम आहे. तो आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार हवा, म्हणून डिसेंबरातच गरजांचा क्रम लावा. पहिल्या तीन गोष्टी ठरलेल्या असल्या की पैसे कधीही आले तरी त्या चुकीच्या जागी जात नाहीत.

शालेय पोषण आहाराचं माप प्रत्येक पालकाला पाठ असावं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ही सगळी मापं कच्च्या धान्याची आहेत. चौथीपर्यंतच्या शाळेत आज 40 मुलं हजर असतील तर चार किलो तांदूळ आणि 800 ग्रॅम डाळ शिजायला हवी. हजेरी 40 ची लागली आणि डाळ पाव किलोच पडली, तर आमटी पातळ का याचं उत्तर स्वयंपाकीणताईंकडे मागू नका, साठा नोंदवही उघडा. महिन्यातून एकदा कोणत्याही दिवशी दोन आयांनी जाऊन तांदूळ समोर मोजून घ्यावा, चव नोंदवही, म्हणजे जेवण चाखून शेरा लिहायची वही, बघावी. घरी संध्याकाळी पोराला "आज काय खाल्लंस, परत मागितलं तर मिळालं का" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. अंड्याचा विषय तर सरळ राजकारणाचा आहे. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून पैसे उभे करा असं सांगितलं. जिथे बाप ऊसतोडीला जातो त्या गावाने लोकसहभाग कुठून आणायचा? समितीने ठराव करून हे लेखी विचारायला हवं.

शिक्षक वर्गात नसतात, यावर गावात फार लवकर शिक्षकालाच बोल लावला जातो. 27 व्या कलमाप्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. तरी माहिती भरणं, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी चालूच असतात. कोणत्या तारखेला कोणते गुरुजी कशासाठी बाहेर होते याची एक वही समितीने ठेवावी. पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं. वहीत तारखा असतील तर किती गेलं ते दाखवता येतं, आणि शिक्षकही समितीच्या बाजूने उभे राहतात.

मराठवाड्यातल्या गावांसाठी सगळ्यात निकडीचं काम हंगामी वसतिगृहाचं. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची मुलं मागे राहावीत म्हणून ही सोय समितीमार्फतच चालते. टोळ्या निघाल्यावर यादी करून उपयोग नाही, मूल तोवर बैलगाडीत बसलेलं असतं. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हाच, म्हणजे पावसाळ्यातच, कोणत्या घरातून कोण जाणार, मुलाजवळ आजी राहणार की कोणीच नाही, हे घरोघर विचारून घ्यावं लागतं. प्रस्ताव सप्टेंबरात गेला पाहिजे. मुलींची नावं यादीत आहेत ना हे वेगळं तपासा. धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून आधी त्यांनाच फडावर नेलं जातं, आणि त्या धाकट्याची गावात काय सोय होईल हे ठरल्याशिवाय आई मुलीला मागे ठेवत नाही.