लहान मुलांचं दुखणं?

"अगं, पण ते लहान मुलांना असतं ना?" मला एडीएचडी (लक्ष आणि चंचलता आवरणं अवघड करणारी मेंदूची अवस्था) असल्याचं निदान सांगितल्यावर मैत्रीण म्हणाली. आणि लगेच, "परवा तर तू जागची न हलता चित्र काढत होतीस की!"

हे दुसरं वाक्य दिवसभर डोक्यात भुणभुणतंय. लक्ष नसतंच असं नाही हो. ते कुठे लागेल, हे माझ्या हातात नसतं. चित्रात बुडाले की तहानभूक कळत नाही, आणि दोन ओळींचं उत्तर पाठवायचं आठवडाभर राहतं. (आळशी म्हणून मोकळं होणं सोपं.)

आणि फक्त लहान मुलांचं? मोठ्यांचंही निदान होतं की. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकी पुस्तक) १७ वर्षांपासून पुढच्यांसाठी मुलांना लागणाऱ्या ६ ऐवजी ५ लक्षणं पुरतात. फक्त काही १२ व्या वर्षाआधीची हवीत.

'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' हा शेरा तुमच्याही प्रगतिपुस्तकात होता का?