राजाचा खोकला आणि माझ्याच बरणीतला ज्येष्ठमध

अमळनेरला आमचं किराणा दुकान आहे. मागच्या फळीवर वडिलांच्या वेळच्या काचेच्या बरण्या आहेत: सुंठ, पिंपळी, हिरडा, ज्येष्ठमध. थंडी पडली की ज्येष्ठमध सगळ्यात आधी संपतो. वरून मातकट, मोडला की आत पिवळा आणि दोरखंडासारखा तंतूतंतूंचा. चावून चावून चोथा होतो, तरी गोडवा सुटत नाही.

आमचा कुत्रा राजा दहा वर्षांचा, पॉमेरियन, वजन जेमतेम आठ किलो. डिसेंबरात रात्री खोकायला लागला. घशात काही अडकल्यासारखा खोकायचा आणि शेवटी उमासा. आई म्हणाली, “ज्येष्ठमध दे. आमना घरमा लेकरेसले हाईच देतस. कुत्राले काय व्हस?” मला पटलं. माझाच माल, मी कशाला शंका घेऊ? सकाळ-संध्याकाळ दुधातून अर्धा चमचा पूड सुरू केली. गोड लागत असल्यानं राजा वाटीसुद्धा चाटून पुसून ठेवायचा.

खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. घशाचा नव्हे, हृदयाचा खोकला निघाला. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची हृदयाची झडप सैल होते, रक्त मागे फिरतं. हृदयाच्या गोळ्या दिल्या, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी फ्युरोसेमाइडही दिली. “आणखी काही देता का?” असं विचारलं त्यांनी. मी “नाही” म्हणालो. ज्येष्ठमध म्हणजे काय औषध आहे का, ही माझी अक्कल.

खोकला कमी झाला, पण तीन आठवड्यांत राजाचे मागचे पाय लटपटायला लागले. ओट्याची एक पायरी, तिच्यापाशी थांबून माझ्याकडे बघायचा. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली आलेलं. मग मी वाटीतल्या दुधाचं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. पेन खाली ठेवलं फक्त. ते जास्त लागलं.

त्यांनी समजावलं ते असं. ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लायसिरायझिनचा. शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडात त्याला निष्क्रिय करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ग्लायसिरायझिन त्यालाच अडवतं. मग कॉर्टिसोल तिथे नको ते काम करतं: मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं, रक्तदाब चढतो. म्हणजे गोळी पाणी काढणार, पूड धरून ठेवणार आणि पोटॅशियम मात्र दोघं मिळून घालवणार. दोष एकट्या पुडीचा नाही, फ्युरोसेमाइडनंही पोटॅशियम जातं, हे त्यांनीच सांगितलं. पण त्यात भर मीच घातली होती.

धडधाकट कुत्र्यानं खाली पडलेली काडी एकदा चघळली तर घाबरायचं कारण नाही, फक्त तंतू घशात अडकू नयेत. रोज देणं वाईट, आणि हृदय, मूत्रपिंड, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर नकोच.

भाचा हॉलंडहून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या घेऊन आला होता. त्या डांबरासारख्या दिसतात आणि चवही तशीच (हे माझं मत). पाकिटावर ‘साखरविरहित’ असं होतं. डॉक्टरांनी आधी घटक वाचायला लावले. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, म्हणजे पाकिटावरचा ई ९६७, असेल तर ज्येष्ठमध राहिला बाजूला. कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरातही कोसळू शकते, यकृतही जाऊ शकतं. आमच्या पाकिटावर ई ९६५ होतं, माल्टिटॉल. फार तर जुलाब. तरी पाकीट कपाटात, कुलपात.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, “घरात बीपीची गोळी कोण घेतं?” आई घेते. आणि दिवसभर गालात काडी. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०१७ मध्येच चाळिशीपुढच्या लोकांना काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांबद्दल सावध केलं होतं: रोज दोन औंस (साधारण ५७ ग्रॅम), दोन आठवडे, एवढ्यानंही हृदयाचे ठोके बिघडून दवाखाना गाठावा लागू शकतो. आईला हे सांगितलं तर तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

राजा आता पायरी चढतो, सावकाश. आई लवंग चघळते. तो अजून तिच्यासमोर बसून तिच्या गालाकडे बघत असतो.