बेथेल, उज्जीवन सभा आणि एका कोंबड्याचा लिलाव

मराठवाड्यात फिरायला येणारे लोक वेरूळ-अजिंठा करतात, दौलताबाद चढतात, पैठणला नाथांच्या पायाशी जातात, फार तर तुळजापूर किंवा औंढ्यापर्यंत मजल मारतात. जालन्याला मुद्दाम कुणी जात नाही. जालना म्हणजे बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडी सळ्यांचे कारखाने, मोसंबी आणि मोंढा. जुने लोक अजून ‘जालना सोने का पालना’ म्हणतात, पण तो पाळणा पाहायला संभाजीनगरहून साठेक किलोमीटर पुढे यायची तसदी कोण घेतो? मी घेते, कारण माझी आत्या जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली आहे.

आम्ही मूळचे नगरचे, काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. लहानपणी रविवारची शाळा, पाठ केलेली वचनं, नाताळात करंज्या. पुण्यात नोकरीला लागल्यापासून माझं चर्च सणावारापुरतं उरलंय. आत्याला हे माहीत आहे, म्हणून तिचा फोन आमंत्रणाचा कमी आणि हुकमाचा जास्त होता. “शनिवारी शहरात उज्जीवन सभा आहे आणि रविवारी आपल्या मंडळीत हंगामाचा सण. दोन्ही बघून जा. मग म्हण, चर्चमध्ये काही राहिलं नाही म्हणून.” उज्जीवन म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागी करणं, आणि मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं.

जालना बसस्थानकावर आतेभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. “काय ताई, बारीक होऊ राहिली तू,” हे झालं, बॅग पुढे टाकीवर ठेवून झाली आणि मग त्याने बेथेलची गोष्ट काढली. तो दर वेळी काढतो. मीही दर वेळी ऐकते, कारण ती गोष्ट आहेच तशी.

नारायण शेषाद्री हा मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. 1843 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. मागोमाग धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने मुलगा आईवडिलांच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणांत मोठं रण पेटलं. घ्यावं, असं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. शाळेच्या इतिहासात हे प्रकरण बाळशास्त्रींच्या नावाने एका ओळीत येतं आणि थोरल्या भावाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. तो 1860च्या दशकात जालन्याला आला. तेव्हा हा निजामाचा मुलूख, आणि जालन्यात फौजेची छावणी. त्याच्याभोवती जमली ती प्रामुख्याने मातंग कुटुंबं, ज्यांना गावात विहीर नव्हती आणि शिवारात तुकडा नव्हता. हैदराबादच्या दरबारातून, सालारजंग दिवाण असताना, त्याने जमीन मिळवली आणि जालन्याजवळ वस्ती वसवली. तिचं नाव बेथेल, म्हणजे देवाचं घर. बायबलातला, घरातून पळालेला याकोब उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपला होता, त्या जागेचं हे नाव.

“जमिनीच्या लोभानं धर्म बदलला म्हणतात लोक,” आतेभाऊ वाऱ्यात ओरडून म्हणाला.

म्हणू देत. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर उभं राहणाऱ्या माणसाला जमिनीचा लोभ नसेल तर कशाचा असेल? मला या गोष्टीत जमिनीपेक्षा पंगत मोठी वाटते. ज्याच्या भावाला जातीत परत घेताना शास्त्रार्थ झडले, तो माणूस मातंगांच्या घरी बसून जेवला, त्यांच्या लेकरांना शिकवलं आणि त्यांच्याच मुलखात म्हातारा झाला. नवा जन्म वगैरे शब्द मी लहानपणापासून ऐकतेय, पण तो ताटात दिसला तर माझा त्यावर विश्वास बसतो.

शनिवारच्या सभेबद्दल थोडक्यातच लिहिते. मोठं मैदान, फ्लेक्सचे बोर्ड, कीबोर्ड, ड्रम, छातीत धडधडणारे स्पीकर. वक्ता बाहेरून आलेला, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. गाणी चालीला सोपी, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आत्यासुद्धा. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली तेव्हा माझ्या शेजारची बाई हमसून रडली. तिच्या रडण्यात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण स्टेजसमोर सोफ्यांची एक रांग होती आणि त्या सोफ्यांवर कोण बसणार यावरून दोन मंडळ्यांच्या पुढाऱ्यांची जी हुज्जत चालली होती, ती स्तुतिगीत चालू असतानाही थांबली नाही. मला बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आठवला. माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषांत बोललो, पण प्रीती नसली तर मी नुसती वाजणारी झांज. त्या झांजेला आता अँप्लिफायर मिळालाय, इतकंच.

परत येताना आत्याला हे बोलले. ती म्हणाली, “तुला सोफा दिसला. मला ती रडणारी बाई दिसली.” त्यावर मी गप्प बसले.

रविवारी सकाळी मंडळीचं छोटं चर्च झेंडूंनी आणि ज्वारीच्या हिरव्या धाटांनी सजवलेलं. हंगामाचा सण म्हणजे शेतातल्या उत्पन्नाचा वाटा देवापुढे आणायचा. ज्याचं जे पिकलं ते: सोयाबीनची टोपली, वेचणीचा कापूस, मोसंबी, भोपळा, गवार, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. यंदा टोपल्या लहान होत्या. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन शेतातच काळं पडलं होतं आणि नदीकाठच्या काही शेतांत तर पीक सोडा, मातीसुद्धा उरली नव्हती. खरडून गेलेल्या जमिनी. एका म्हाताऱ्याने ओंजळभर डागी सोयाबीन स्टीलच्या वाटीत आणलं होतं. ते त्याने इतक्या ऐटीत वेदीपुढे ठेवलं की मोसंबीच्या कॅरेटवाले बाजूला सरकले.

पाळकसाहेब निवृत्तीला आलेले, आवाज बसका. उपदेशाला त्यांनी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, दुसरा अध्याय घेतला, इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र. इफिसची मंडळी कामसू, सोशिक आणि खोटे प्रेषित ओळखणारी. सगळं जागच्या जागी, पण पहिली प्रीती सोडलेली. “आता बघा,” पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू त्यांना रडा म्हणत नाही. मोठी सभा घ्या म्हणत नाही. काय म्हणतो? पश्चात्ताप करा आणि पहिली कृत्यं करा. कृत्यं! हाताची!”

मग त्यांनी जर्मनीतल्या हर्नहूटची हकीकत सांगितली, ती मला नवी होती. झिंझेनडॉर्फ नावाच्या उमरावाच्या जमिनीवर छळाला कंटाळून आलेले निर्वासित राहत होते. मोराविया, म्हणजे आजच्या चेक देशातला प्रांत, सोडून आलेले, काही आणखी कुठले. धर्मासाठी घरदार सोडलेली ही माणसं इथे पोचल्यावर शिकवणुकीवरून एकमेकांच्या जिवावर उठली. 1727 च्या उन्हाळ्यात झिंझेनडॉर्फ घरोघर फिरला, भांडणं ऐकली, मे महिन्यात सगळ्यांनी एकोप्याच्या करारावर सह्या केल्या. आणि त्याच वर्षी 13 ऑगस्टला प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, उपासनेत त्या लोकांची मनं अशी वितळली की त्यांना जेवण्याखाण्याचं भान राहिलं नाही. झिंझेनडॉर्फने घरोघर जेवण पाठवलं, लोक गटागटाने बसून जेवले. मोरावियन लोकांचं प्रीतिभोजन तिथून सुरू झालं. पुढे याच लहानशा वस्तीने जगभर मिशनरी पाठवले. “क्रम लक्षात ठेवा,” पाळकसाहेब म्हणाले. “आधी सह्या, मग आत्मा.”

मला पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवलं. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे उज्जीवन झालं त्याचं वर्णन करताना लोक मुलींच्या रात्ररात्र चाललेल्या प्रार्थनांपाशी थांबतात. पण त्याआधी 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणत होत्या. गुजरातचा दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही आणल्या. उवा झालेल्या, हाडांवर कातडं राहिलेल्या मुलींना न्हाऊमाखू घालण्यात वर्षं गेली होती. प्रार्थना नंतरची. पाळकसाहेबांचा क्रम तिथेही बसतो, असं मला वाटतं. बाकी देवाच्या कामाचा क्रम ठरवणारी तू कोण, असं आत्या म्हणाली असती.

उपासना संपली आणि चर्चबाहेरच्या लिंबाखाली लिलाव सुरू झाला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: आणलेल्या सगळ्या वस्तू मंडळीतच लिलावात काढतात आणि पैसे मंडळीच्या फंडात जातात. बाजारभावाचा इथे काही संबंध नसतो. कोथिंबिरीची जुडी दोनशेला गेली. ते वाटीभर डागी सोयाबीन एका शिक्षकाने अकराशेला घेतलं आणि म्हातारा एवढा खूष झाला की त्याने स्वतःच त्या पैशात कोथिंबीर घेता आली असती असा विनोद केला.

मग कोंबडा आला. लाल तुऱ्याचा, देखणा, चिडलेला. गर्दीत एकदम कुजबुज. आतेभाऊ कानात म्हणाला, “बघ आता.” कोंबडा आणणारा आणि समोर उभा असलेला एक जण, दोघं चुलतभाऊ. बांधावरून वाद, मोजणी झालेली, कोर्टात केस, बोलणं बंद. चर्चमध्ये एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. बोली तीनशेपासून निघाली. पाचशेच्या पुढे बाकीचे थांबले आणि धाकट्या चुलतभावाने वर न बघता “हजार” म्हटलं. पुढे कुणीच बोलेना. कोंबडा त्याच्या हातात गेला. त्याने तो पुन्हा टेबलावर ठेवला. “परत मंडळीला.” हीही इथली रीत आहे. दुसऱ्या फेरीला मालकानेच, म्हणजे थोरल्याने, स्वतःच्याच कोंबड्यावर पंधराशे लावले आणि तोही परत ठेवला. तिसऱ्या फेरीला लोक हसून लोटपोट झाले. शेवटी एकवीसशेला पाळकबाईंनी मध्ये पडून तो खुराड्यात टाकला, कारण, त्या म्हणाल्या, “हे दोघं शेत विकतील, पण बोलायचे नाहीत.”

जेवायला पंगत होती. प्रीतिभोजन म्हणतात याला, पण ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, वांगं, भात आणि शेवटी बुंदी, असा शुद्ध मराठवाडी बेत. वाढायला तरुण मुलं. धाकटा चुलतभाऊ भाकरीची टोपली घेऊन फिरत होता आणि थोरल्यापाशी आल्यावर त्याने विचारलं, “घ्या ना अजून.” थोरल्याने ताट पुढे केलं. मी आत्याला कोपर मारलं. “त्यात काय,” आत्या म्हणाली, “मागच्या सणालाही वाढलं होतं. मग दिवाळीनंतर परत तारखेला उभे.”

ताटं उचलल्यावर फंडाचा हिशेब झाला आणि खरी खडाजंगी तिथे झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, पैसे छताच्या पत्र्यांसाठी ठेवू. काही जणांचं म्हणणं, ज्यांच्या जमिनी खरडून गेल्या त्यांना बियाणं देऊ. यावर बहुतेक राजी झाले, पण कुणाला? मंडळीतल्या घरांना, की गावातल्या सगळ्यांना? मंडळीतल्यांनाच, असं म्हणणारे काही वाईट लोक नव्हते. पैसे थोडे होते आणि त्यांची स्वतःची शेतंही गेली होती. गलका वाढला. तेव्हा एक जुन्या बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या, खुर्चीतूनच म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आपण सगळे संगं होतो. सुकडी वाटणाऱ्यानं मला विचारलं नाही, बाई तुझा देव कोणता. विचारलं असतं तर मी मेले असते.” आणि पुढे, सेक्रेटरींकडे बघत, “पत्र्यातनं पाणी गळतंय ना? गळू द्या अजून एक पावसाळा.”

सेक्रेटरी तरी कुरकुरत होते. यादी कोण करणार, सातबारा कोण बघणार, उद्या चार लोक भांडायला आले तर? प्रश्न रास्त होते. आतेभावाने वही घेतली आणि त्याच रात्री तो मंडळीतल्या एकाला आणि सरपंचाच्या माणसाला सोबत घेऊन नदीकाठच्या वस्तीवर गेला. उशिरा परतला, चिखलाने भरलेला आणि वैतागलेला. तीन जणांनी खोटं नुकसान सांगितलं होतं, एकाने खरं नुकसान असून नाव लिहून घ्यायला नकार दिला होता.

सोमवारी मी निघाले. नंतर फोनवर कळलं, सगळ्यांना पुरेल इतकं झालं नाही, पण हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्या आणल्या, आणि वाहतूक धाकट्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरने फुकट झाली. यादीत थोरल्याचंही नाव होतं. त्याची पिशवी ट्रॅक्टरवाल्याने त्याच्या ओट्यावर नेऊन टाकली. कोर्टाची तारीख जानेवारीत आहे आणि दोघंही वकील बदलायला तयार नाहीत.