‘हरकत नाही’ लिहून देण्याआधी

दावा शेजाऱ्यांनी घातला, काढूनही त्यांनीच घेतला. मग आमचे चार वर्षांत गेलेले पैसे कोण देणार? एवढ्या एका प्रश्नासाठी मी गेल्या मेपासून सात तारखा कोर्टात बसून काढल्या. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं जुनं घर. शेजाऱ्यांच्या आणि आमच्यामध्ये चार फुटांचा बोळ. तो त्यांचाच म्हणून त्यांनी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईवर मनाईचा दावा घातला. समन्स, वकीलपत्र, कैफियत (दाव्याला आमचं लेखी उत्तर), कोर्ट कमिशनरचा नकाशा, सगळं झालं. नकाशा आमच्या बाजूने आला. पुढे त्यांना घर विकायचं झालं, दाव्यातलं घर कुणी घेईना, आणि एका तारखेला त्यांची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, आली: नव्याने दावा करण्याची मुभा ठेवून हा दावा काढून घ्यायचाय.

आमच्या वकिलांच्या ज्युनियरने तिथेच उभ्या उभ्या पुरसीशीच्या कडेला ‘हरकत नाही’ लिहायला घेतलं. ‘हरक’ एवढं झालं होतं. मी म्हटलं, थांबा, आमच्या खर्चाचं काय? त्याने ते खोडलं, बाजूला बारीक सही केली आणि से, म्हणजे आमचं लेखी म्हणणं, द्यायला मुदत मागून घेतली.

तिथून पुढे आम्ही अडकलो ते अडकलोच. एका तारखेला वादीचे वकील नाहीत, एकदा साहेब रजेवर, एकदा फाइलच सापडेना. सोलापूरचा मे महिना, व्हरांड्यातला तापलेला बाक आणि मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसलेली आई. टेबलावरचे एक कर्मचारी म्हणाले, “दावा काढून घेतायत ना ते? मग अजून कशाला भांडताय?” हे वाक्य मला आजही टोचतं. आईची पेन्शन त्या फाइलमध्ये गेली होती. कुणी दावा काढून घेतला म्हणून ती परत येत नाही.

कायदा आमच्या बाजूने होता, पण तो कुणी आपणहून सांगितला नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश २३, नियम १. परवानगीशिवाय दावा काढून घेतला, तर कोर्ट ठरवील तो खर्च वादीच्या अंगावर येतो आणि त्याच विषयावर त्याला पुन्हा दावा करता येत नाही. नव्याने दावा करण्याची मुभा हवी असेल, तर दाव्यात तांत्रिक दोष किंवा तसंच पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि तेव्हाही कोर्ट खर्चाची अट घालू शकतं. कलम ३५ प्रमाणे हरणाऱ्याकडून खर्च द्यायचा नसेल, तर कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. आमच्या सेमध्ये आम्ही हेच मांडलं: मुभा देऊ नये, खर्च द्यावा.

पावत्यांचं आधी सांगायला हवं होतं. कमिशनरची फी, नकला, स्टॅम्प यांच्या पावत्या आईने बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. वकिलांच्या फीची मात्र एकच निघाली, बाकी सगळे पैसे रोख हातात दिलेले. दर वेळी पावती मागा, ओळखीचे वकील असले तरी मागा.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात आदेश झाला. मुभा नाकारली, खर्चापोटी नऊ हजार. आमचे गेले होते एक्केचाळीस. उरलेल्यासाठी हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपर्यंत जाता येईल, असं वकील म्हणाले. ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा तिकडे जोडलाय. आई नको म्हणाली.

आणखी एक. दावा खोटा आणि त्रास द्यायलाच घातलाय अशी हरकत कैफियतीतच घेऊन ठेवा. मग तो काढून घेतला तरी कलम ३५अ खाली भरपाई मागता येते. तिची मर्यादा तीन हजार आहे, ही रक्कम १९७६ पासून तीच. आमच्या कैफियतीत ते वाक्यच नव्हतं.

पैसे वसुलीची दरखास्त न घालता मिळाले. घराचं खरेदीखत अडलं होतं, त्यामुळे त्यांनी आठवड्यात कोर्टात भरले. नक्कल काढली तेव्हा आईने आधी ती पुरसीस शोधली. कडेला खोडलेलं ‘हरक’ स्पष्ट दिसतं. त्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बघत होती. मग नक्कल तिने त्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवली.