पोस्टर फोनवर वाचता आलं पाहिजे

नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की संस्थांची उन्हाळी पोस्टरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. एका चित्रात एकच काम सांगा, उदाहरणार्थ घरगुती जलसंजीवनी: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चित्रात चहाचा चमचा सपाट भरलेलाच काढा. शीग दिसली की मीठ जास्त पडतं, आणि ते धोक्याचं.

चूक-बरोबर दाखवायला नुसता लाल-हिरवा नको, काहींना तो फरक दिसतच नाही. सोबत फुली आणि बरोबरची खूण हवी. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५:१. ओळींत दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. तोच मजकूर टाइप करूनही पाठवा, स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपसाठी. अध्यक्षांचा फोटो? जागा असली तरी नको.