रिकाम्या काचेच्या टाकीसाठी प्राणी निवडताना : माझा अनुभव

भाचा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि त्याच्या खोलीतली काचेची टाकी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी आली. टाकी दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण तीस लिटर पाणी मावते. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की चोवीस-पंचवीस लिटरच उरते. घरात चर्चा सुरू झाली ती अर्थातच आवडीनिवडीवरून, पण मला मात्र पहिल्यापासून वाटत होते की निवड या मापानेच करायला हवी. या मापाच्या जागेत जो जीव आयुष्यभर, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरही, नीट राहू शकेल तोच आणायचा. तसा कोणी नसेल तर टाकीत नुसत्या पाणवनस्पती लावायच्या, असे मी सर्वांना सांगून ठेवले होते.

मुलीला कासव हवे होते. आम्ही चौकशीला गेलो त्या दुकानात नाण्याहून थोडी मोठी, कानामागे तांबडा पट्टा असलेली हिरवी पिल्ले एका परातीत ठेवली होती. दुकानदार म्हणाले, "ताई, ह्येच्यात कासव झकास ऱ्हातंय. एवढंच्या एवढंच असतंय ते." प्रत्यक्षात ही मूळची अमेरिकेतली जात आहे. तिची मादी वाढून जवळजवळ फूटभर लांबीची होते, तिला पोहायला भरपूर पाणी आणि अंग शेकायला ऊन पडणारी कोरडी जागा लागते, आणि नीट सांभाळले तर ती वीस-तीस वर्षे जगते. मोठी झाली की अशी कासवे पुष्कळदा तळ्यात सोडून दिली जातात आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगू लागतात. घरी आल्यावर मुलीने आपली फूटपट्टी टाकीच्या रुंदीत आडवी ठेवून पाहिली. ती बसली नाही. त्यानंतर तिने कासवाचा आग्रह धरला नाही. पाठीवर चांदण्या असलेल्या देशी कासवाचाही विषय कोणीतरी काढला होता, पण ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते; ते पाळणे, विकत घेणे किंवा विकणे हा गुन्हाच आहे.

पाण्याशिवायच्या पर्यायांवरही आम्ही विचार केला. हॅमस्टर दिसायला गोजिरवाणा असतो, परंतु रात्रभर धावणाऱ्या या प्राण्याला उंचीपेक्षा जमीन अधिक लागते आणि आमच्या टाकीचा तळ त्याच्या गरजेच्या मानाने फारच अपुरा होता. शिवाय चारी बाजूंनी काच असल्यामुळे लघवीचा वास आणि त्यातला अमोनिया तळाशी साचून राहतो. कोकणात समुद्रकाठी विकायला असतात ते शंखातले खेकडे आणावेत, असे नणंदेने सुचवले. ते खेकडे जवळजवळ सगळेच किनाऱ्यावरून धरलेले असतात, कारण पाळलेल्या अवस्थेत त्यांची वीण सहसा होत नाही. आणि श्वास घेण्यासाठी त्यांना सतत दमट हवा लागते. हौसेखातर समुद्रकाठचा जीव घाटावर आणून कोरड्या हवेत ठेवणे मला योग्य वाटले नाही. सासऱ्यांचे म्हणणे होते की पंचगंगेतले चार मासे धरून आणावेत. त्यांचे बालपण नदीच्या घाटावर गेलेले असल्यामुळे त्यामागची ओढ मला समजत होती. तरीही नदीतल्या माशांबरोबर रोग आणि परजीवी येतात आणि धरलेले पिल्लू पुढे केवढे होणार याचा अंदाज येत नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनाही ते पटले.

म्हणजे दुकानातले मासेच उरले. गोल्डफिश काचेच्या भांड्यात ठेवायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की लहान टाकी दिसली की प्रत्येक जण त्याचेच नाव घेतो. साधा गोल्डफिश सात-आठ इंच वाढतो, दहा वर्षांहून अधिक जगू शकतो आणि पाणी फार लवकर घाण करतो. लहान भांड्यात तो काही महिन्यांतच मरतो, म्हणूनच तो लहान राहतो असा समज पसरला असावा, असे माझे मत आहे. झेब्रा डॅनिओ हा भारतातलाच मासा जेमतेम दीड इंचाचा, पण त्याला थव्यात राहायला आणि सरळ रेषेत वेगाने पोहायला आवडते. दीड फुटांची लांबी त्याला तोकडी पडते. गप्पीचा मी बराच विचार केला. तो काटक असतो, आपल्याकडच्या जड पाण्यातही तग धरतो. मात्र त्याची मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि नर जवळ नसला तरी आधीच्या मीलनातून पुढचे काही महिने देत राहते, त्यामुळे नुसते नरच ठेवायचे झाले तर ते जमण्यासारखे होते.

अखेर आम्ही एकच नर फायटर ठेवायचे ठरवले. हा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांत आणि संथ, उथळ पाण्यात राहणारा मासा. कल्ल्यांबरोबरच डोक्यात असलेल्या एका खास इंद्रियामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो. याच कारणामुळे दुकानात तो चहाच्या पेल्याएवढ्या डब्यात ठेवलेला असतो. परंतु हवेवर जगता येते म्हणून त्याला जागा नको असते, असे नव्हे. पंचवीस लिटर पाणी, संथ प्रवाह आणि एकांत या त्याच्या तिन्ही गरजा आमची टाकी पुऱ्या करू शकत होती. दुसरा नर सोबत असला तर दोघे एकमेकांचे पर फाडतात, म्हणून एकटेपणा त्याला सोसतो इतकेच नव्हे, तर तोच त्याला मानवतो.

निवड झाल्यावरही मासा लगेच आणला नाही, आणि या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हाच टप्पा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि ते वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही स्पंज फिल्टर लावला, रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो आणि थेंबांच्या किटने पाणी तपासत राहिलो. परीक्षानळीतला अमोनियाचा रंग आधी पिवळा होता, मग पोपटी, मग हिरवा झाला आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिवळ्यावर आला. नायट्राइटही शून्यावर येईपर्यंत आम्ही थांबलो. मुलगी रोज वहीत रंग लिहून ठेवत होती, त्यामुळे वाट पाहणे तिला जड गेले नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि ते मासा व जिवाणू दोघांनाही घातक असते. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवायचे किंवा क्लोरीन घालवणारे थेंब टाकायचे. पावसाळ्यात गढूळ पाणी आले तर आधी निवळू द्यायचे. तळाशी घालायच्या दगडांवर लिंबाचा रस पिळून पाहिला, कारण फेस येणारा चुनखडीचा दगड पाणी अधिक जड करतो. आपल्याकडचा काळा दगड फेसाळत नाही. त्यालाच दोऱ्याने जावा फर्न ही पाणवनस्पती बांधली. घराजवळच्या देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली वाळकी पाने धुऊन टाकली की पाण्याला चहासारखा फिकट रंग येतो, आणि फायटर पाळणारे अनेक जण ती आवर्जून वापरतात.

कोल्हापूरची थंडी बोचरी नसली, तरी हिवाळ्यात पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि या माशाला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी लागते. त्यासाठी पन्नास वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर घेतला. मासा उडी मारतो म्हणून जाळीचे झाकण करून घेतले. भरलेल्या टाकीचे वजन चाळीस किलोंच्या घरात जाते, त्यामुळे ती भिंतीतल्या फळीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर आणि खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवली. ऊन लागले की शेवाळ माजते.

आता दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो, म्हणजे त्यातले जिवाणू टिकतात. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे एवढेच खाणे. अधूनमधून तो पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. ते मोडू नये म्हणून मुलगी दाणे दुसऱ्या कोपऱ्यात टाकते. तीन-चार दिवस गावी जायचे झाले तर आम्ही शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देत नाही. मोठा फायटर तेवढे दिवस उपाशी राहू शकतो, आणि प्रेमाने टाकलेल्या मूठभर दाण्यांनी पाणी नासण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.