मोआबच्या दऱ्यांमध्ये जीपची वाट शोधताना

युटा राज्याच्या आग्नेय भागातलं मोआब हे फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांचं गाव. सॉल्ट लेक सिटीतल्या माझ्या घरापासून साधारण चार तासांवर. लाल खडकाच्या कडा, हजार-दीड हजार फूट खोल दऱ्या, खाली कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्या, आणि या सगळ्यातून जाणाऱ्या शेकडो मैल कच्च्या वाटा. लो रेंज (खडतर वाटेसाठीचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) असलेली गाडी घेतली तेव्हापासूनच इथे जायचं डोक्यात होतं. गाडी घेणं त्यामानाने सोपं गेलं, खरा वेळ लागला तो कुठे जायचं हे शोधायला. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण मराठीत याबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

सॅटेलाइट नकाशा उघडला की मोआबच्या आसपास नुसतं रेषांचं जाळं दिसतं. एवढ्या वाटा या ओसाड मुलखात आल्या कुठून, हे आधी समजून घेतलं आणि पुढचं बरंच काही सुटलं. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मोआबच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला. त्या काळात अमेरिकन सरकारला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं. मग नशीब काढायला निघालेल्यांची रीघच लागली. बुलडोझर लावून कड्यांच्या पोटातून, ओढ्यांतून, पठारांवरून वाटा काढल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी हाती काही लागलं नाही, लोक निघून गेले, वाटा राहिल्या. वाळवंटात वाट बुजायला पिढ्या जातात. त्यामुळे नकाशावरची रेष इतकंच सांगते, की सत्तर वर्षांपूर्वी इथून कोणीतरी गाडी नेली होती. आज तिथून जायची परवानगी आहे का, आणि जाता येईल का, हे दोन्ही वेगळे प्रश्न.

परवानगीचं उत्तर जमीन कोणाची यावर ठरतं. मोआबच्या एका बाजूला आर्चेस, दुसरीकडे कॅनियनलँड्स ही राष्ट्रीय उद्यानं. पूर्वेला ला साल डोंगर, ते वनखात्याकडे. मधला बहुतेक भाग सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याचा, ज्याला इथे सगळे बीएलएम म्हणतात. त्यात राज्य सरकारचे चौकोनी तुकडे आणि थोडी खाजगी जमीन. प्रत्येकाचे नियम निराळे. एकच वाट तीन मालकांच्या हद्दीतून जाते असंही होतं.

मी सुरुवात केली ती यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, जुन्या १:२४,००० नकाशांपासून. ते फुकट उतरवून घेता येतात. त्यांवर जीपची वाट तुटक दुहेरी रेषेने दाखवलेली असते आणि तिच्याजवळ बारीक अक्षरांत ‘फोर डब्ल्यू डी’ लिहिलेलं असतं. समोच्च रेषा किती दाट आहेत यावरून चढ किती खडा ते कळतं. सह्याद्रीत ट्रेक करताना अशा रेषा वाचायची सवय झाली होती, ती इथे उपयोगी पडली. या नकाशांवरून मला आवडलेल्या वाटांची यादी केली आणि मग ती एकेका खात्याच्या सध्याच्या नकाशाशी ताडून बघितली. वनखात्याचा मोटार-वापराचा नकाशा दिसायला अगदी रूक्ष, काळा-पांढरा. पण त्याचा नियम सरळ आहे: त्यावर वाट नसेल तर तिथे गाडी न्यायची नाही. बीएलएमच्या हद्दीत कुठल्या वाटा गाड्यांना उघड्या हे ठरवणारा प्रत्येक भागाचा वेगळा प्रवास-आराखडा असतो.

या ताडून बघण्यातच यादीतल्या बऱ्याच नावांवर काट मारावी लागली. मला सगळ्यात जास्त ओढ होती ती ग्रीन नदीच्या लॅबिरिंथ कॅनियनच्या कडेला जाणाऱ्या एका फाट्याची. जुन्या नकाशावर तो थेट कड्यापर्यंत जातो. मात्र २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बीएलएमने लॅबिरिंथ रिम्स आणि जेमिनाय ब्रिजेस या भागाचा नवा आराखडा जाहीर केला आणि त्यात ३१७ मैल वाटा मोटारींना बंद केल्या. माझा फाटा त्यातच गेला. या निर्णयावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. गाडीवाले एका बाजूला, नदीत शांतपणे होड्या वल्हवणारे आणि पर्यावरणवाले दुसऱ्या बाजूला. मी स्वतः गाडीवाला आहे, तरीही मला वाटतं की एकाच कड्यावर पोचणाऱ्या चार समांतर वाटांपैकी तीन बंद झाल्या तर फार काही बिघडत नाही. जी एकुलती एक वाट होती ती गेल्याचं मात्र वाईट वाटतं. गंमत म्हणजे एका लोकप्रिय ट्रेल अ‍ॅपवर तो फाटा मी बघितला तेव्हा उघडाच दिसत होता. तेव्हापासून अ‍ॅप मी फक्त रस्ता न चुकण्यासाठी वापरतो. वाट उघडी आहे का, हे खात्याच्या कागदावरच बघतो.

आता कॅनियनलँड्स. तिथली व्हाइट रिम ही वाट जगभर प्रसिद्ध आहे. आयलंड इन द स्काय नावाच्या पठाराच्या खाली, पांढऱ्या वालुकाश्माच्या एका रुंद पायरीवरून ती पठाराला वळसा घालते. सगळा फेरा शंभर मैलांचा. हीसुद्धा पन्नासच्या दशकातली युरेनियमवाल्यांचीच वाट, उद्यान झालं ते नंतर, १९६४ साली. या वाटेवर दिवसभरासाठी जायचं असलं तरी परवाना लागतो. मुक्काम करायचा तर ठरलेल्या कॅम्पसाइट्स कित्येक महिने आधी आरक्षित कराव्या लागतात, आणि वसंत ऋतूतल्या तारखा बघता बघता संपतात. म्हणून आम्ही दिवसाचा परवाना काढून निम्म्यातून परत यायचं ठरवलं.

परवान्याच्या अटी वाचताना आमच्यासोबत येणाऱ्या मित्राच्या गाडीचा मुद्दा निघाला. त्याची क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी दिसणारी पण साध्या कारच्या बांध्याची.

“अरे, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे माझी! बर्फात कशी जाते बघितलंयस ना तू?”

बर्फात जाते, खरंच छान जाते. पण उद्यानाला हवी असते उंच गाडी आणि तिच्यात लो रेंज. लो रेंजमध्ये इंजिनाचा जोर चाकांपर्यंत कैक पटींनी वाढून पोचतो आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. चढावर त्याचा फायदा होतोच, पण उतारावर त्याहून जास्त. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही आणि ब्रेक तापत नाहीत. उद्यानाच्या बॅककंट्री ऑफिसला फोन करून मी खात्री करून घेतली. रेंजर बाईंनी शांतपणे सगळं समजावलं आणि हेही सांगितलं, की आत गाडी अडकली तर ओढून काढायचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. मित्राने मोआबमध्ये एक जीप रँग्लर भाड्याने घेतली. भाड्याची जीप घेताना करार नीट वाचावा, कुठल्या वाटांवर ती नेता येणार नाही हे त्यात लिहिलेलं असतं. विमानतळावर मिळणाऱ्या साध्या भाड्याच्या गाड्यांना तर बहुतेक वेळा कच्च्या रस्त्यावर जायचीच मुभा नसते.

सगळी तयारी झाली आणि आदल्या दिवशी पाऊस आला. बाहेरच्या माणसाला वाटेल, वाळवंटातला पाऊस तो किती! पण इथल्या काही वाटा चिकणमातीच्या थरातून जातात. ती भिजली की साबणासारखी निसरडी होते आणि टायरला जाड थर चढून त्याची पकडच जाते. शिवाय दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढ्याने येतं. आमच्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी. सकाळी पुन्हा फोन केला. वाट वाळेपर्यंत थांबा, असा सल्ला मिळाला. आम्ही तो दिवस गावातल्या माहिती केंद्रात कागदी नकाशे चाळत काढला. तिथल्या काउंटरवरच्या आजोबांनी कुठल्या ओढ्यात सध्या वाळू मऊ झाली आहे आणि कुठली पायरी पाण्याने खणून काढली आहे, हे नकाशावर पेन्सिलने दाखवलं. असली माहिती मला इतर कुठेही मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी व्हाइट रिमकडे उतरणाऱ्या शेफर ट्रेलच्या तोंडाशी गाड्या थांबवून टायरमधली हवा कमी केली. ३६ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं माप) २० वर. व्हॉल्व्हमधून फुसफुस हवा जाते आणि टायरची खालची बाजू हळूहळू पसरते. जमिनीला टेकणारा भाग वाढतो, तो दगडावर वळतो, वाळूत रुतत नाही. गाडीतला हादराही कमी होतो. परत डांबरी रस्त्यावर येताना हवा भरायला छोटा कंप्रेसर जवळ हवाच.

शेफर ट्रेल आधी कड्याच्या पोटातून जाते आणि मग नागमोडी वळणांनी सुमारे दीड हजार फूट खाली उतरते. घाटात गाडी चालवायची कितीही सवय असली तरी इथे कठडा नाही हे पहिल्याच वळणावर जाणवतं. फोर-लो (चारही चाकांना जोर आणि लो रेंज), पहिला गिअर, पाय ब्रेकच्या शेजारी तयार. समोरून वर येणारी गाडी दिसली की रुंद जागा बघून आपण थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आमच्यापैकी एकजण खिडकीतून बाहेर बघत मागच्या चाकापासून कडा किती लांब आहे ते सांगत होता. खाली पोचल्यावर वर बघितलं तर आपण त्या भिंतीवरून उतरलो यावर विश्वास बसत नाही.

खाली एक फाटा पोटॅश रोडने मोआबला परत जातो. वाटेत पोटॅशच्या कारखान्याचे निळेशार तलाव दिसतात. बाष्पीभवन लवकर व्हावं म्हणून त्यात निळा रंग घालतात. शेफर आणि पोटॅश या फेऱ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला मी हाच सुचवेन. आम्ही दुसऱ्या फाट्याने व्हाइट रिमवर गेलो, मसलमन आर्च या नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत आणि पुढेही.

एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यावी म्हणून मित्र वाटेबाहेर वळवायला लागला, तेव्हा मी त्याला हात करून थांबवलं. वाटेच्या कडेला माती काळपट, खडबडीत, जळल्यासारखी दिसत होती. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ मिळून वाळूच्या कणांना धाग्यांनी बांधून ठेवतात. त्यामुळे वाळू उडत नाही, पाणी मुरतं, रोपं रुजतात. एका टायरखाली ती चुरली तर पुन्हा तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. आम्ही सगळे खाली बसून ती जवळून बघत होतो. मित्राच्या मुलीला तिच्यावरचे बोटभर उंचीचे मनोरे दिसले, तिने फोटो काढले. गाड्या मागे घेऊन वाटेतल्याच रुंद जागी लावल्या.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं घेतलं होतं. व्हाइट रिमवर पाणी नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवले होते, आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र जवळ होतं.

आता माझ्या टेबलावर मेझ भागाचे नकाशे पसरले आहेत. कॅनियनलँड्सचा हा पश्चिमेकडचा, सगळ्यात एकाकी भाग. हायवे सोडल्यावर हॅन्स फ्लॅटच्या रेंजर स्टेशनपर्यंतच ४६ मैल कच्चा रस्ता आहे, आणि खरी फोर-व्हीलची वाट त्यापुढे, फ्लिंट ट्रेलने खाली उतरून. तिथे जायला जास्तीचं पेट्रोल, पूर्ण मापाचा सुटा टायर आणि सोबत दुसरी गाडी हवी. मित्र जुनी रँग्लर बघतोय. ती मिळाली की तारखा ठरवून कॅम्पसाइटसाठी अर्ज करायचा आहे.